पन्नास किलोच्या आत

काट्यावर चढण्याआधी लवंगीने कानातले बारीक टॉप्ससुद्धा काढून मामाच्या तळहातावर ठेवले. मग सगळा श्वास बाहेर सोडून ती काट्यावर उभी राहिली. लाल आकडे जरा नाचले आणि थांबले. एकोणपन्नास किलो, आठशे ग्रॅम.

मामाने टाळी वाजवली. एकच, पण मागच्या रांगेतल्या पोरी दचकल्या आणि वजन लिहून घेणाऱ्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं.

"बसलीस की गं आत!" मामाने भाचीला काट्यावरूनच उचलून खाली ठेवलं. "पन्नासच्या आत! तेही घामाचा थेंब न गाळता!"

लवंगी हसली. हसताना तिने एक हात पोटावर दाबून धरला होता आणि तिचे डोळे भिंतीवर संडासाची पाटी शोधत होते.

लवंगी हे नाव तिला गोदामात पडलं होतं, मिरचीवरून. टायरच्या दुकानामागच्या त्या गोदामात मामा बॉक्सिंग शिकवायचा. तिथल्या बॅगांत रबराचा चुरा भरलेला होता, आणि त्या बडवून तयार झालेली पोरं बाहेर कुणाला भीत नसत. मामाचं नाक दोनदा मोडलेलं होतं, उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला जे काही शहाणपण आलं ते मार खाऊनच आलं अशी त्याची ठाम समजूत होती. मार खाल्लेल्या बहुतेक माणसांची असते. बहिणीचा नवरा गेला तेव्हा भाची चार वर्षांची होती. तेव्हापासून मामाने तिला दूध पाजावं तशी बॉक्सिंग पाजली. ती आता एकोणीस वर्षांची होती, आणि उद्याची लढत जिंकली तर थेट संघात जाणार होती. पगार, राहायला खोली, बूट, सगळं संघाचं. मामाला स्वतःला जे मिळालं नाही ते सगळं.

अडचण वजनाची होती. दोन आठवड्यांपूर्वी ती जवळजवळ त्रेपन्न किलो भरत होती. त्यात एका सकाळी सरावात तिचा हात हनुवटीवरून खाली आला, म्हणून मामाने तिला एक ठेवून दिली. नेहमीची शिक्षा. दाढेचा तुकडा उडाला. तीन दिवसांत गाल सुजून डोळा बारीक झाला, तेव्हा मामाने तिला स्कूटरवर घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि स्वतः खाली स्कूटरवरच बसून राहिला. माणसाचं नाक फुटल्याचा आवाज त्याला चालायचा, दातात फिरणाऱ्या मशीनचा नाही. लवंगी तोंडात कापूस घेऊन खाली आली. हातात कॅप्सूलची दोन पाकिटं होती. सात दिवस, दिवसातून चार.

पाचव्या दिवशी तिला जुलाब लागले. दिवसातून आठ वेळा, मग बारा, मग तिने मोजायचं सोडलं. नुसतं पाणी, आणि वास असा की दोनदा मोडलेल्या नाकालाही कळावा. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा पोरीला दवाखान्यात नेलं असतं. पण वजनाच्या खेळात माणसाची अक्कल काट्याला टांगलेली असते. तिथे पोरं डब्यात थुंकून थुंकून वजन उतरवतात, भर दुपारी अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळतात. तिथे जुलाब हा आजार नसतो, लॉटरी असते.

"लागू दे," मामा म्हणाला होता. "आयता माल चाललाय बाहेर."

सातव्या दिवशी कॅप्सूल संपल्या. काटा पन्नास किलो नऊशेवर आला होता. मामा औषधांच्या दुकानात गेला, रिकामं पाकीट दाखवलं आणि तसंच दुसरं घेऊन आला.

"दात पक्का बरा होऊ दे," तो म्हणाला.

दाताकडे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. दोघांनीही काट्याकडे पाहिलं.

आणि आज आकडा उतरला होता. आता उद्यापुरतं जुलाब थांबवणं तेवढं राहिलं होतं. रिंगमध्ये कपडे खराब झाले तर लोक बाकी सगळं विसरतील आणि जन्मभर तेवढंच लक्षात ठेवतील, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. त्याने जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या आणल्या. संध्याकाळी दोन दिल्या, सकाळी दोन, आणि लढतीच्या तासभर आधी आणखी दोन. जुलाब बंद झाले. मामाला वाटलं, अर्धी लढत इथेच जिंकली.

हाताला पट्ट्या बांधून घेताना लवंगी म्हणाली, "मामा, पोट दगड झालंय."

"दगडच पाहिजे. दगडाला लागत नाही."

तिचे हात तापलेले होते. मामाला वाटलं, पोरीचं अंग गरम झालंय, चांगलं आहे.

समोरची मुलगी डावखुरी होती, लवंगीपेक्षा वीतभर उंच. पहिल्या फेरीत लवंगीने तिला जवळ येऊ दिलं नाही. दोन सरळ ठोसे नाकावर बसले, डावखुरीच्या वरच्या ओठावर रक्ताची रेघ उतरली आणि मामाने कोपऱ्यातला खांब बुक्कीने वाजवला. पण फेरी संपून लवंगी स्टुलावर बसली तेव्हा ती एका जागी बघत होती. मामाने तिच्या तोंडात पाणी ओतलं. ते तसंच हनुवटीवरून खाली आलं.

"पोटावर येऊ देऊ नको तिला," मामा म्हणाला.

दुसऱ्या फेरीत डावखुरी पोटावरच आली. खेळच तो, तिचा काय दोष. बरगड्यांच्या खाली तिची मूठ रुतली आणि लवंगीच्या तोंडून असा आवाज निघाला की तीस वर्षं मारामारीत काढलेल्या मामाने तो ऐकलेला नव्हता. ती पडली नाही. ती घडी घातल्यासारखी मधोमध मोडली. डावखुरीला ते कळायच्या आत दुसरा ठोसा निघालेला होता, आणि तोही तिथेच बसला. लवंगीच्या तोंडातून दातांचं कवच बाहेर आलं, त्यामागून हिरवं पाणी. पंच आकडे मोजत होता. पाचला ती गुडघ्यावर उठली, सहाला पुन्हा कलंडली आणि मग जे होऊ नये म्हणून सहा गोळ्या घातल्या होत्या तेही झालं, रक्तासकट.

कुणीतरी हसलं.

मामा दोऱ्यांतून आत शिरला, पोरीला खांद्यावर टाकलं आणि बाहेर आला. पहिल्या रांगेत एक माणूस मोबाईल वर धरून उभा होता. मामाने चालता चालता मोकळ्या हाताने तो मोबाईल त्या माणसाच्या तोंडावरच दाबला. काच फुटली, माणूस खुर्च्यांवर आडवा झाला. मामाने मागे वळूनही पाहिलं नाही.

इस्पितळात पोटाच्या डॉक्टरबाईंनी आधी पोट तपासलं आणि मग मामाला. दोन्ही वेळा त्यांच्या कपाळाला सारखीच आठी होती.

"किती दिवस जुलाब होते?"

"सहा-सात."

"त्याआधी कुठलं औषध?"

मामाने खिशातून पाकीट काढलं. बाईंनी ते उलटून पाहिलं.

"आणि काल-आज?"

मामाने दुसरं पाकीट काढलं. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्यांचं. बाईंनी ते हातातही घेतलं नाही.

शौचाची तपासणी झाली, रक्त गेलं, फोटो निघाला. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं हातात आलं, आणि डॉक्टरबाईंनी मामाला आणि नुकत्याच पोचलेल्या ताईला, म्हणजे लवंगीच्या आईला, समोर बसवलं. ताई कपड्यांच्या कारखान्यातून तशीच आली होती. तिच्या केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले होते.

"आतड्यात हजारो जातींचे जंतू नांदत असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यातले बहुतेक आपले. गुण्यागोविंदाने राहतात आणि एखादा गुंड आला तर त्याला दाबून ठेवतात. दातासाठी घेतलेल्या गोळ्यांना आपलं-परकं कळत नाही. त्यांनी पोटातलेही मारले. गुंड तेवढा वाचला, कारण तो कवच घालून झोपतो. सगळं गाव रिकामं झाल्यावर तो उठला. तो विष सोडतो, त्याने मोठं आतडं आतून सोलून निघालंय."

"पण दाताच्या गोळ्यांनी—" ताई म्हणाली.

"होतं असं. सगळ्यांना नाही, पण होतं. जुलाब सुरू झाले त्याच दिवशी त्या गोळ्या थांबवून आमच्याकडे आणलं असतंत, तर बहुधा तोंडाने घ्यायच्या औषधावर भागलं असतं. जुलाब म्हणजे शरीर विष बाहेर लोटत होतं." त्या मामाकडे वळल्या. "तुम्ही वरून आणखी कॅप्सूल दिल्यात. आणि मग दार लावून घेतलंत. आता आतडं फुगलंय. कागदासारखं पातळ झालंय. फुटलं तर हातात काही राहणार नाही."

त्यांनी पुढचं सांगितलं. आधीच्या सगळ्या गोळ्या बंद. नाकातल्या नळीतून वेगळं औषध जाईल, जे रक्तात फारसं शिरत नाही, आतड्यातच राहून त्या गुंडाला मारतं. खालूनही तेच देऊ, शिरेतून दुसरं, आणि सलाइन. पोटाचा घेर सहा-सहा तासांनी मोजायचा. उद्या संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही, तर मोठं आतडं काढून टाकायचं आणि पोटावर पिशवी बसवायची.

"पिशवी," मामा म्हणाला. "मग बॉक्सिंग—"

ताई उठली. तिने त्याच्या कानाखाली अशी मारली की बाहेरची नर्स आत आली. मग दुसरी मारली, मग तिसरी, मग दोन्ही मुठींनी छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे. वर्षानुवर्षं मशीन चालवलेले हात होते ते, हलके नव्हते. मामाच्या नाकातून रक्त आलं. ज्या माणसाने दुसऱ्याच्या पोरीला, हनुवटीवरून हात खाली आला म्हणून, दाढ तुटेपर्यंत मारलं होतं, त्याने स्वतःचे हात मांडीवरून उचलले नाहीत.

"जुलाब लागलेत म्हणाली होती मला ती," ताई धापा टाकत म्हणाली. "मी म्हटलं, मामाला सांग. मामाला कळतं."

सकाळी घेर दोन सेंटीमीटरने वाढला.

नर्सने लवंगीच्या पोटावर निळ्या पेनाने खुणा केल्या होत्या, टेप दर वेळी तिथेच बसावी म्हणून. मामा अंगावर प्लॅस्टिकचा झगा चढवून टेपवर वाकून उभा होता. जन्मभर आकड्यांवर जगलेला माणूस. त्याला हा आकडा वाचता आला आणि वाचवेना. बाहेर येताना त्याने दाराजवळच्या बाटलीतलं जेल हातावर घेतलं.

"त्याने मरत नाही हे," नर्स खेकसली. "कवच आहे त्याला. बेसिन तिकडे आहे. साबण लावा आणि चांगलं चोळून धुवा. नाहीतर बाहेर जाऊन वाटत फिराल गावभर."

मामाने हात धुतले. बराच वेळ धुतले. मग तो इस्पितळातून बाहेर पडला आणि चालत सुटला. वाटेत त्याने स्वतःशी एक हिशोब जुळवून टाकला, आणि तो इतका छान जुळला की त्याची पावलं जोरात पडायला लागली. दात आपल्या हाताने तुटला, ठीक. बंद करायच्या गोळ्या आपण दिल्या, ठीक. पण विष दिलं ते दुसऱ्याने. आणि देताना अवाक्षर काढलं नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. या वेळी मामा जिना चढला. आत खुर्चीत एक बाई आ करून पडली होती आणि डॉक्टर, एक किडकिडीत तरुण, तिच्या तोंडात आरसा घालून बघत होता. मामाने डोक्यावरचा दिवा हाताने बाजूला सारला. बाई गळ्यात रुमाल बांधलेला तसाच घेऊन पळाली.

"माझ्या पोरीला काय दिलंस?"

डॉक्टरने तोंडावरची पट्टी खाली ओढली. "कोण... ती बॉक्सिंगवाली? कशी आहे ती?"

"आतडं कापतायत तिचं."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "जुलाब लागले होते का?"

"म्हणजे ठाऊक होतं तुला! ठाऊक असून दिलंस आणि बोलला नाहीस!"

"बोललो होतो मी. पाण्यासारखे जुलाब झाले तर गोळ्या थांबवायच्या आणि मला फोन करायचा. तिच्याकडून परत म्हणून घेतलं. कागदावर लिहून—"

मामाने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ठोसा आखूड होता, खांद्यातून निघालेला, वीस वर्षांत असा त्याच्याकडून निघाला नव्हता. डॉक्टर अवजारांच्या गाडीवर कोसळला, गाडी उलटली, आरसे आणि चिमटे फरशीवर खणखणत पसरले. मामाने त्याला कॉलर धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. या वेळी मुठीत काहीतरी घुसलं. डॉक्टरचा पुढचा दात होता तो, अर्धा मामाच्या बोटाच्या सांध्यात, अर्धा कुठे उडाला ते कुणाला दिसलं नाही. बाहेर बसणारी मुलगी दारात उभी राहून किंचाळत होती.

डॉक्टर भिंतीला टेकून बसला. ओठ फाटला होता. रक्त हातावर थुंकून त्याने वर पाहिलं, आणि त्याने जे विचारलं त्याची मामाने तयारी केलेली नव्हती.

"कितव्या दिवशी सुरू झाले?"

"पाचव्या," मामाच्या तोंडून निघून गेलं.

"मग पाचव्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

मामाने पडलेल्या गाडीला लाथ घातली. ती आणखी दोन हात सरकली. मग तो जिना उतरून निघून गेला.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी त्याचा हात पाहिला, जखमेतून दाताचा कपचा काढला आणि कुणाचा म्हणून विचारलं नाही. त्यांनी त्याच्यापुढे गोळ्या ठेवल्या. त्याही जंतू मारणाऱ्याच आहेत हे कळून मामाचा हात मागे गेला.

"घ्या," बाई म्हणाल्या. "माणसाच्या दाताची जखम आहे, हात सडेल. गोळी वाईट नसते. कशासाठी, किती दिवस आणि काय झालं तर थांबायचं, एवढं विचारून घ्यायचं. पाच दिवस. जुलाब झाले तर?"

"थांबवायच्या. तुमच्याकडे यायचं."

"पुन्हा म्हणा."

मामाने पुन्हा म्हटलं. शाळेतल्या पोरासारखं उभं राहून म्हटलं.

संध्याकाळी घेर वाढला नाही. ऑपरेशनवाले डॉक्टर आले, पोट चाचपलं, आणखी सकाळपर्यंत थांबू म्हणाले. सकाळी टेप एक सेंटीमीटर आत आली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी लवंगीने डोळे उघडून आईकडे पाणी मागितलं आणि ताई बेसिनजवळ जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. आतडं वाचलं. हा आजार उलटतो, पुढचे दोन महिने पोटाकडे डोळ्यांत तेल घालून बघा, जुलाब लागले की त्याच दिवशी या, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. पण बजावताना त्या पहिल्यांदा हसल्या.

त्या तीन दिवसांत ताईच्या रागालाही थोडा उतार पडला होता. मामा रोज पोरीची घाण काढत होता, चादरी बदलत होता, ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसत होता. ताई ते बघत होती. चौथ्या दिवशी दुपारी तिने स्वतःच्या डब्यातलं झाकणावर काढून त्याच्यापुढे सरकवलं.

"खा. भूत दिसतोयस." मग थोड्या वेळाने, "त्या दातवाल्याला मारलंस ते बरं केलंस. पोलिसांत गेलाय म्हणे. जाऊ दे. मी सांगते ना काय सांगायचं ते. एका शब्दाने बोलला नाही मेला. तुला कुठून कळणार होतं? तू काय डॉक्टर आहेस?"

मामाने मान खाली घालून खाल्लं. ताईच्या हातचं पुन्हा कधी मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

ताई डबा धुवायला गेली तेव्हा लवंगी म्हणाली, "हाताला काय झालं?"

नाकातली नळी काढल्यापासून तिचा आवाज घोगरा येत होता. मामा झगा सावरत तिच्याजवळ बसला.

"काही नाही. त्या दातवाल्याच्या तोंडाला लागला."

"का मारलंस?"

"का म्हणजे? मरायला टेकवलं तुला आणि वर म्हणतो, मी सांगितलं होतं."

लवंगी छताकडे बघत राहिली. तिची गालफडं बसली होती. चेहऱ्यात तिची चार वर्षांची असतानाची हनुवटी पुन्हा दिसायला लागली होती.

"सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली.

मामाने दाराकडे पाहिलं. ताई अजून आली नव्हती.

"कागद पण दिला होता. जिन्यातच टाकला मी. तेव्हा काय, जुलाब कुठे लागले होते." तिने ओठ ओले केले. "लागले तेव्हा आठवलं. सांगणारच होते तुला. सकाळी सांगायचं म्हणून गोदामात आले, तर तू म्हणालास, आधी काट्यावर चढ."

"आणि?"

"एक किलो उतरला होता. तू माझा मुका घेतलास, मामा. डोक्यावर. सगळ्यांसमोर." तिच्या कानाकडे पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही. "पंधरा वर्षांत कधी घेतला होतास? मग मी नाही बोलले. दुसरं पाकीट आणलंस तेव्हाही नाही बोलले. आईला सांगू नको हं. ती मला कधीच माफ करायची नाही."

मामाने बँडेज बांधलेला हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन आलो आपण, एवढं त्याला कळलं. आणि चोर शोधायला फार लांब जावं लागणार नव्हतं. त्याला वाटलं, पोरीच्या केसांवरून हात फिरवावा. पण आता त्या हाताची त्यालाच भीती वाटली.

दारावर टकटक झाली. बाहेर हवालदार उभा होता, काखेत वही. ताईही धुतलेला डबा घेऊन परत आली होती आणि मामा झगा काढून, हात धुऊन बाहेर येईपर्यंत तिने बोलायला सुरुवात केली होती.

"लिहा तुम्ही. माझ्या भावाने मारलं, नाही म्हणत नाही आम्ही. पण का मारलं तेही लिहा. माझी पोर मेली असती. त्या डॉक्टरने एका शब्दाने सांगितलं नाही."

"डॉक्टर तर म्हणतात सांगितलं," हवालदार म्हणाला. तो मध्यमवयीन होता, आणि त्याला या सगळ्याचा कंटाळा होता असं नाही, पण पाय दुखत असावेत. "मुलीकडून वदवून घेतलं म्हणतात. मुलगी शुद्धीवर आहे ना? तिलाच विचारू. दोन मिनिटांचं काम. तिने नाही म्हटलं तर केस यांच्या बाजूने हलकी होईल."

"विचारा की," ताई म्हणाली आणि दाराकडे वळली. "मी आहे तिच्याजवळ."

"तिला विचारायची गरज नाही," मामा म्हणाला.

दोघंही थांबले.

"मला सांगितलं होतं त्यांनी."

"तुम्ही वर दवाखान्यात होतात?"

"होतो. पोरीच्या तोंडात कापसाचे बोळे होते, अर्धी भुलीत होती ती. तिच्याकडून म्हणवलं असेल, तिला काय कळलं असणार. मग माझ्याकडे बघून सांगितलं. जुलाब लागले तर बंद करा, फोन करा."

"मग?"

"वजन उतरत होतं."

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. "आणि मारलंत कशाबद्दल?"

"तेच त्यांनी पुन्हा तोंडावर सांगितलं म्हणून."

दार पुरतं लागलेलं नव्हतं. आतून लवंगीचा आवाज आला, फुटका, पण ऐकू येण्याइतका. "मामा!"

"पडून राहा गप," मामा मागे न बघता म्हणाला. "टाके नाहीत पोटात म्हणून उड्या मारू नको."

हवालदाराने वही पुढे केली. मामाचा उजवा हात बांधलेला होता, म्हणून त्याने डाव्या हाताने सही केली. ती लहान मुलाने काढल्यासारखी वाकडी आली. ताई अजून डबा छातीशी धरून उभी होती.

"मला वाटलं होतं तुला कळलं नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "अडाणी म्हणून माफ केलं होतं रे मी तुला."

मामाने तिच्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं त्याच्यापाशी एकच वाक्य होतं.

"कळलं होतं, ताई," तो म्हणाला.

"मग आता पोरीजवळ यायचं नाही. माझ्याही दारात यायचं नाही. मेलास तरी कळवू नको."

ती आत गेली. या वेळी दार नीट लागलं.

हवालदार आणि मामा जिना उतरायला लागले. हवालदार कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, गुडघ्यांचं त्याचं जुनं दुखणं असावं. मधल्या वळणावर तो दम खायला थांबला.

"एक सांगू का," तो म्हणाला. "डॉक्टर बहुतेक तडजोड करतील. भला माणूस आहे. पण आमच्याकडे जो येतो तो आधी खोटंच सांगतो बघा. सख्ख्या बहिणीसमोर इतकं खरं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

मामा पुढच्या पायरीवर उभा होता. त्याने मान हलवली.

"चला," तो म्हणाला.